तेरा आठवड्यांचा निरोप

वरठीच्या स्टेशनावर ताराचंदनं पार्सलबाबू म्हणून बावीस वर्षं काढली, पण गावात त्याला पार्सलबाबू कोणी म्हणत नसे. सगळे रेडिओबाबू म्हणायचे. १९८० नंतर त्याला आणखी एक नाव पडलं, ते मात्र पाठीमागंच घ्यायचे: मोटारबाबू. कारण असं, की या माणसाच्या हाती कोणाचं पत्र पडलं की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी हा स्वतः मोटार धरून पत्र लिहिणाऱ्याच्या दारात हजर. लाखांदूरकडच्या एकानं नुसतं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर मागवलं होतं. ताराचंद रजा टाकून, दोन मोटारी बदलून, कॅलेंडर काखेत धरून त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, कोणीतरी गेल्याची खबर घेऊन आला हा.

लोक हसायचे. "काहून जी बाबू, एक कार्ड टाकलं असतं तं का बिघडलं असतं?" ताराचंद पिशवी खांद्याला लावायचा आणि फाट्याकडे चालू लागायचा. १९८८ साली तो गेला, तेव्हाही सदऱ्याच्या खिशात एक पत्र आणि मोटारीचं तिकीट निघालं. त्याची बायको बेबीबाई मात्र त्या हसण्यात कधी सामील झाली नाही. हे वेड कुठून लागलं ते तिला ठाऊक होतं.

आधी रेडिओचं सांगायला हवं. १९७५ साली नागपूरच्या इश्वर नावाच्या एका धडपड्या माणसानं एक कार्यक्रम सुरू केला. नाव 'उंबऱ्याबाहेर'. ख्रिस्ती मंडळीतून जे दुखावून, रुसून, अपमान गिळून बाहेर पडले होते, त्यांच्यासाठी. चर्चला परत या, असं त्या कार्यक्रमात कोणी म्हणत नसे. देव काय फक्त उंबऱ्याच्या आतच राहतो का, एवढंच विचारायचे. गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला, पंधरा मिनिटं. आकाशवाणीवर नव्हे, शॉर्टवेव्हवर, समुद्रापलीकडच्या एका केंद्रावरून.

आणि त्याची रीत मोठी न्यारी होती. नागपूरच्या एका खोलीत भिंतींना गाद्या टांगलेल्या. पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद. तिथं घामाघूम होऊन बोलायचं, टेप डब्यात घालायची आणि टपालानं परदेशी पाठवायची. तिकडचे लोक ती तपासायचे, रांगेत लावायचे, आणि बरोबर तेरा आठवड्यांनी ती हवेतून परत आपल्याकडे यायची. मे महिन्यात बोललेलं ऑगस्टच्या झडीत ऐकू येई. नाताळाच्या शुभेच्छा पितृपक्षात द्याव्या लागत. इश्वरनं एक नियमही घातला होता: कोणाचं नाव घ्यायचं नाही, कुठल्या चर्चचं नाही, गावाचं नाही, बोलणाऱ्याचंही नाही. लाज वाटणारी माणसं होती ती. नाव घेतलं तर पुन्हा पत्र लिहायची नाहीत.

बोलणारा होता ताराचंद. ऐकणारे त्याला नुसतं 'भाऊ' म्हणत. त्याचा आवाज असा, की आपल्याच ओसरीवर टेकून बसलाय आणि आपल्यापुरतं बोलतोय असं वाटावं. नागपूरच्या पोस्टबॉक्सवर आलेली पत्रं इश्वर सुतळीनं बांधून पॅसेंजरच्या गार्डाकडे द्यायचा, आणि गठ्ठा वरठीला ताराचंदच्या खिडकीत पडायचा. कोणाला लग्नात बँड लावला म्हणून चर्चमधलं प्रभुभोजन नाकारलेलं. कोणाचा बाप दारू पिऊन मेला म्हणून पाळक प्रार्थनेला आला नव्हता. कोणी नुसतंच लिहायचं, की मागच्या बाकावर बसून बसून कंटाळलो. ताराचंद एकेक पत्र तीनतीनदा वाचायचा. महिन्यातून एकदा नागपूरला जाऊन चार गुरुवारांचं बोलून यायचा.

तोही उंबऱ्याबाहेरचाच होता. १९६४ पासून चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं त्यानं. का म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचा, "मंडळीत मानुसकी राहिली नाही." हे खोटं नव्हतं. फक्त ही माणुसकी कोणाच्या हातून गेली, ते तो सांगत नसे. दिव्याखाली अंधार असतो, तो दिव्याला दिसत नाही म्हणतात. याला दिसत होता.

१९७९ च्या ऑगस्टात एक निळं अंतर्देशीय आलं. अक्षर बोर्डिंगच्या शाळेतलं, गोल गोल.

"प्रिय भाऊ, सलाम. मी मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकली म्हणून लिहिता येते. माझी आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. ती तिथल्याच कबरस्तानात आहे. मी हिंदू माणसाशी लग्न केले म्हणून मंडळीने माझे नाव काटले. त्याचे मला काही नाही, माणूस चांगला मिळाला. पण माझे लेकरू अकरा महिन्यांचे होऊन वारले तेव्हा मी त्याला आईच्या बाजूला ठेवायला घेऊन गेली होती. फाटकाला कुलूप होते. दुपारभर बसली, मग परत आणले. पंधरा वर्षे झाली, मी चर्चची पायरी चढली नाही.

"पण भाऊ, एक गोष्ट मी विसरत नाही. तिथे एक माणूस होता. चावी त्याच्याजवळ नव्हती, पाळकसाहेब नागपूरला घेऊन गेले होते. तो माझ्यासाठी रडला. त्याच्याजवळ चावी असती तर त्याने नक्की उघडले असते. त्या एका माणसामुळे मी अजून प्रार्थना करते. असे एक माणूस जिथे होते तिथे देव पण असेल, असे मी मनाला सांगते. हे बरोबर आहे की नाही ते रेडिओवर सांगा. पत्र पाठवू नका, इथे टपाल आधी चौकात वाचतात. नाव घेऊ नका, घरामागे तळ्याची बोडी आहे, बोडीवरची बाई म्हणा. रुखमा, आसगाव."

ताराचंदनं पत्र घडी करून वहीत ठेवलं. खिडकीपुढं कोंबड्यांचा खुराडा घेऊन एक माणूस उभा होता, पावती मागत होता. ताराचंदला त्याचं बोलणं ऐकू येईना. त्या कबरस्तानाची चावी पाळकसाहेबांनी नेलीच नव्हती. ती ताराचंदच्या पँटच्या उजव्या खिशात होती.

तो आणि रुखमा मिशनच्या एकाच आवारात वाढले. पवनीच्या रस्त्यावरचं ते मिशन. त्याचं नाव न घेतलेलं बरं, असली कुलपं काही एकाच फाटकाला नसतात. ती बायजाबाई आयाची पोरगी, तो मिशनच्या माळ्याचा पोरगा. ती त्याला ताराभाऊ म्हणायची, नाताळात त्याच्या कपाळाला काजळ लावून त्याला नाटकातला गडरिया, मेंढपाळ, बनवायची. पुढं तो मंडळीचा चिटणीस झाला. सव्वीस वर्षांचं वय, खिशाला पेन, हाती वही. रुखमानं आसगावच्या कृष्णरावाशी लग्न केलं, तेव्हा पंचांनी तिचं नाव काटायचं ठरवलं. वहीत त्या नावावर आडवी रेघ मारली ती त्यानंच. पट्टी लावून मारली, सरळ यावी म्हणून.

आणि १९६४ च्या मे महिन्यात, भर दुपारी, रुखमा आणि कृष्णराव बैलांच्या रेंगीतून आले. लेकरू रुखमाच्या मांडीवर, लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं. पाळकसाहेब खरंच नागपूरला गेले होते. चावी त्याच्याकडे देऊन गेले होते. पंचांपैकी एकानं ओट्यावरून नुसतं त्याच्याकडे पाहिलं, बोललं काही नाही. तेवढं पाहणं पुरलं. ताराचंद फाटकाशी गेला आणि म्हणाला, "रुखमे, चावी पाळकसाहेब घेऊन गेले व."

मग त्याला रडू आलं. ते रडू खरं होतं, त्यात नाटक नव्हतं. रुखमानं लेकरू डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हातानं त्याचे डोळे पुसले. "रडू नोको ताराभाऊ. तुह्या हातात असतं तं तू उघडलं असतं, मले का ठाव नाही?" ती असं म्हणत होती आणि त्याचा हात खिशात होता, चावीवर. चावी उन्हानं नव्हे, त्याच्या मुठीनं गरम झाली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ त्यानं पंधरा वर्षं झाकून ठेवली.

त्याच आठवड्यात चावी पंचांपुढं टाकून तो निघून आला. पुढं रेल्वेत लागला, लग्न झालं. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुःख. वाईट माणसाला झोप लागते.

पत्र आलं त्या दिवशी त्यानं बेबीबाईला सगळं सांगितलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पहिल्यांदाच सांगितलं. बेबीबाई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "मंग जा न आसगावले. सांगून या."

"तिनं रेडिओवर सांगाले लावलं हाय."

"तिले का ठाव, रेडिओवर बोलनारा तुमी हा म्हून!"

तिचं म्हणणं रास्त होतं. पण रुखमापुढं उभं राहून हे तोंडानं सांगायचं, तिचे डोळे पाहायचे, त्या डोळ्यांतलं ते एक चांगलं माणूस आपल्या हातानं मारायचं, हे त्याला झेपणारं नव्हतं. आणि न सांगावं, तर पंधरा वर्षांनी पुन्हा तेच खोटं, तेही आता देवाच्या नावानं, मशीनपुढं बसून. दोन्हीकडून कात्री. सुटका एकच दिसली त्याला: सांगायचं, पण रेडिओवर. आवाज आपला, डोळे नाहीत.

सप्टेंबरात नागपूरला गेला. गाद्यांच्या खोलीत बसला आणि आधी भलतंच बोलला. बोडीवरच्या ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, असं एखादं माणूस म्हणजे देवाची खूणच, वगैरे. इश्वरचे डोळे भरून आले. "भाऊ, असं तुमी कधीच बोलले नाही," म्हणाला. ताराचंदला स्वतःची किळस आली. म्हणाला, "पुसून टाक ते. पुन्हा घे."

दुसऱ्यांदा त्यानं नाव घेतलं, स्वतःचं. इश्वरनं मशीन थांबवलं. "नियम हाय न भाऊ आपला."

"नाव नसंन तं कबुली कोनाची?"

इश्वरनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यानं बटन दाबलं. टेप डब्यात गेली, डब्यावर तारीख चिकटवली: २० डिसेंबर. वरठीहून आसगाव दोन मोटारी आणि तीन तास. तो निरोप मात्र समुद्र ओलांडून, परक्या मुलखातल्या फळीवर पडून, तेरा आठवड्यांनी आसगावला पोचणार होता. ताराचंद परतला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. सांगून झालं, असं त्याला वाटत होतं!

नोव्हेंबरच्या मध्यावर दुसरं पत्र आलं. यात अक्षर उतरणीला लागलेलं.

"प्रिय भाऊ, सलाम. दर गुरुवारी ऐकते, माझे उत्तर आले नाही. तुमच्याजवळ पुष्कळ पत्रे येत असतील, म्हणून राग नाही. माझे पाय सुजतात, दम लागतो. पवनीचे डॉक्टर म्हणतात हृदय मोठे झाले. मी हसली. म्हटले, उशिरा झाले. भाऊ, आसगावच्या फाट्यावर अकराची मोटार थांबते. कधी इकडे आले तर जेवल्याशिवाय जाऊ नका."

बेबीबाईनं पत्र ऐकलं आणि उठून पिशवीत त्याचा धुतलेला सदरा घातला. "उद्याच जा."

"विसाले रेडिओवर लागते बेबी. तिले आधी ऐकू दे. मंग जातो. ऐकल्यावर ती या म्हणंन तं जातो."

"आन तवरिक ती राहिली नाही तं?"

"असं अभद्र काहून बोलतं?"

"काखेत कळसा आन गावाले वळसा," बेबीबाई म्हणाली. "तुमचा वळसा तं साता समुद्राचा हाय जी." तिनं सदरा पिशवीतून काढला आणि खुंटीला टांगला. तो महिनाभर तिथंच होता.

वीस डिसेंबरला गुरुवार होता. ताराचंदला शेवटी अर्धी हिंमत आली. ठरवलं, की आवाज लागेल तेव्हा तिच्यासमोर असायचं. मशीन बोलेल, आपण फक्त खाली मान घालून बसायचं. पण अकराला पोचणारी मोटार त्यानं मुद्दाम सोडली. सव्वासातपर्यंत तिच्यापुढं बसून काय बोलणार? दुपारच्या मोटारीनं निघाला आणि चार वाजता आसगावच्या फाट्यावर उतरला.

धानं कापून झाली होती. धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य उगवून हिरवं झालं होतं, खळ्यात धानाचे पुंजणे रचलेले होते. घर विचारत गेला तर एका कौलारू घरापुढं पन्नाशीचा एक माणूस तणसाची दोरी वळत बसलेला. डोक्याचे केस काढलेले, नुकते खुंट आलेले. ताराचंदनं ते डोकं पाहिलं आणि त्याचे पाय तिथंच थांबले.

त्या माणसानं वर पाहिलं. "ताराभाऊ न तुमी?"

"हो. रुखमा..."

"बारा दिवस झाले जी." कृष्णरावानं दोरी बाजूला ठेवली. "बसा. पानी घ्या. लई उशीर केला तुमी."

ताराचंद गडव्यातलं पाणी पीत होता. कृष्णराव सांगत होता, जसं शेजाऱ्याला सांगावं तसं, न चिडता. "तुमचा आवाज तिनं पहिल्याच दिवशी वळखला होता. दोन साल झाले. बाजारातून टान्झिस्टर आनला, अन गुरुवारी सुई फिरवता फिरवता तुमी लागले. 'अवं माय, हा तं आपला ताराभाऊ!' हातातली काकनं इथं आपटली तिनं. तवापासून एक गुरुवार नाही सोडला. कागद लिवला तो तुमालेच लिवला जी. म्हने, नाव नाही घेत, त्याले लाज वाटंन. पन त्याले कळलं पायजे का मी त्याले विसरली नाही."

ताराचंदनं रिकामा गडवा खाली ठेवला.

"दुसरा कागद धाडल्यावर रोज अकराले फाट्यावर जाऊन बसे. पाय सुजलेले, मी म्हनो, नोको जाऊ व. म्हने, ताराभाऊ आला अन फाट्यावर कोनी नसलं तं? मंग चालनं बंद झालं, तं मले धाडे. 'पाहून या जी, उतरला का.' सोळा दिवस गेलो मी."

मग तो उठला. "चला, दाखवतो."

बोडी घरामागंच होती, लहानसं तळं, पाण्यात कुमुदाची पानं. पाळीवर मोहाच्या झाडाखाली एक जुना उंचवटा, दगडांनी बांधलेला, हातभर. त्याला लागून नवा, लांब, मातीचा. वरची झेंडूची फुलं वाळून गेली होती.

"लेकराजवळच ठेवली," कृष्णराव म्हणाला. "भावकी आडवी आली. म्हने, आपल्यात जाळतेत, हे का नवीन? मी म्हटलं, वावर माहं हाय. तिले एकडाव फाटकातून परत आनली, आता नाही आनत. माह्या वावराले चावी नाही लागत कोनाची."

वारा नव्हता. बोडीच्या पलीकडे कोणी बैलांना पाणी पाजत होतं. अर्धा तास ते दोघं तिथं उभे राहिले. या अर्ध्या तासात ताराचंदला सांगता आलं असतं. कृष्णराव सोडून कोणी नव्हतं, आणि कृष्णरावाइतका ऐकणारा माणूस शोधून सापडला नसता. वाक्य चार शब्दांचं होतं. घशापर्यंत आलं, आणि त्याच्या मनात आलं, की सव्वासातला आपोआपच कळणार आहे. एवढे दोन-अडीच तास. तो गप्प राहिला. असं गप्प राहणं ज्याला एकदा जमलं, त्याला ते दुसऱ्यांदा शिकावं लागत नाही.

दिवा लागला. कृष्णरावानं फडताळातून ट्रान्झिस्टर काढला. सेल वाचावे म्हणून काढून ठेवलेले, ते उन्हात तापवून ठेवले होते. एकेक करून घातले. "मी कायले ऐकतो जी हे? मले यातलं समजत नाही. पन ती म्हने, मी नसली तरी गुरुवारी लावत जा. माहं उत्तर येईन, तवा ऐकाले कोनीतरी पायजे."

सुई सरकली, शिट्टी वाजली, खरखर झाली. आणि मग घरात ताराचंदचा आवाज भरला. लाटेसारखा मोठा व्हायचा, दूर जायचा, पुन्हा जवळ यायचा. ताराचंद खाली मान घालून बसला. ठरवलं होतं तसाच.

"बोडीवरच्या ताई, आज मी कार्यक्रमाचा नियम मोडतो. माझं नाव ताराचंद. फाटकाशी रडणारा माणूस मीच. पाळकसाहेबांनी चावी नेली नव्हती. चावी माझ्या खिशात होती. तू माझे डोळे पुसत होतीस तेव्हा माझा हात तिच्यावर होता. मी पंचांना भ्यालो. तुला परत पाठवलं, तुझ्या लेकराला परत पाठवलं, आणि वर तुझ्याकडून समजूत घालून घेतली. ज्या माणसामुळे तू प्रार्थना करतेस, तो माणूस नव्हताच, रुखमे. देव आहे की नाही हे तू त्याच्यावरून ठरवू नको. क्षमा मागायला ये असं तू म्हणालीस तर मी येईन. नको म्हणालीस तरी..."

आवाज दूर गेला, परत आला, शेवटी संगीत लागलं. कृष्णरावानं खटका बंद केला. सेल एकेक करून काढले, फडक्यात गुंडाळले, फडताळात ठेवले. त्याची पाठ ताराचंदकडेच होती.

"बरं झालं," तो शेवटी म्हणाला, "ती आधी गेली."

ताराचंदची मान खालीच होती.

"एक मानूस होता तिच्याजवळ जी. तेवढा घेऊन गेली. बरं झालं." मग तो वळला. आता त्याचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "पन मले एक सांगा. आत्ता बोडीवर अर्धा घंटा माह्याजवळ उभे होते तुमी. तवा तुमच्या तोंडाले का झालं होतं? हे बोलाले तुमाले डब्बाच लागते का?"

तो दोन पावलं पुढं आला.

"चावीचं नसतं सांगतलं तं नसतं सांगतलं. मेलेलं लेकरू का वापस येत होतं? तिले तुमी पायजे होते. नुसते येऊन बसाले पायजे होतं या ओसरीवर. रोज तीन घंट्याच्या वाटेवर डोळे लावून बसली ती, अन तुमी तिकडून, समुद्रातून..." पुढं त्याला बोलवेना. खांद्यावरच्या पंच्याचं टोक तोंडावर धरून तो रडला, मोठ्यानं, लाज न बाळगता. ताराचंदला वाटलं, उठून त्याचे डोळे पुसावेत. पण तो हक्क त्याचा नव्हता. आपले तेव्हा कोणी पुसले होते ते आठवून तो बसल्या जागी आक्रसला.

रडून झाल्यावर कृष्णराव चुलीशी गेला. ताटात भात वाढला, लाखोरीची डाळ वाढली, लोणच्याची फोड ठेवली. ताट ताराचंदपुढं ठेवून म्हणाला, "जेवा. तिचं सांगनं होतं. ताराभाऊ आला तं उपाशी नाही धाडाचा."

ताराचंदनं घास घेतला. चुलीतलं लाकूड फुटलं. त्यानं घास तसाच गिळला, हात ताटात थांबवला, आणि समोर, थेट कृष्णरावाच्या डोळ्यांत पाहून बोलला. बारीक, खरखरीत आवाज निघाला, रेडिओवरचा नव्हेच.

"कृष्णराव, चावी माझ्या खिशात होती."

कृष्णरावानं पळी उचलली, त्याच्या भातावर आणखी थोडी डाळ घातली.

"तिले सांगाचं होतं जी," तो म्हणाला. "मले नाही."